दोन कानांची खरेदी

सतार विकत घ्यावयाची असेल तर मिरजेस जावें, आणि जातांना स्वतःचे कान बरोबर न्यावे, असें आमचे तीर्थरूप म्हणत असत. परंतु कानच विकत घ्यावयाचे असतील तर कोठें जावें आणि बरोबर काय न्यावें, हें सांगावयास ते राहिले नाहींत. गेल्या पावसाळ्यांत ही अडचण आमच्यावर खरोखरीच आली. तिची हकीगत वाद्यें वाजविणाऱ्या घरांना उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

आमचे वडील बंधु, ज्यांना घरांत सर्व दादा म्हणतात, ते दौंडास असतात. रेल्वेच्या नोकरींत त्यांचा जन्म गेला, आणि नोकरीबाहेरचा सर्व वेळ सतारींत गेला. पन्नास वर्षें सतार वाजविली, पण ना कधीं जलसा केला ना आकाशवाणीची पायरी चढले. ऐकणारे म्हणजे आम्ही, मुलेंबाळें, आणि रात्रपाळीहून परतणारे दोन-चार शेजारी. वहिनी नुसत्या ऐकत नाहींत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून त्या मागें बसून तंबोरा धरीत आल्या आहेत. तंबोरा लावावा तर वहिनींनींच, हें दादाहि कबूल करतात. मात्र वहिनींच्या समक्ष नव्हे.

गेल्या ज्येष्ठांत दादांच्या उजव्या हाताची तर्जनी कांपूं लागली. डॉक्टरांनीं कंपवाताचें नांव घेतलें. दादांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें; परंतु शिरूरास आमच्या घरीं त्या रात्रीं कोणी नीट जेवलें नाहीं. दादांचा मुलगा रांजणगांवच्या कारखान्यांत असल्यामुळें आमच्याकडेच राहतो. पानावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "काका, बाबांची सतार कोठें तरी धरून ठेवली पाहिजे. आतां, नाहींतर कधींच नाहीं."

प्रथम अर्थातच फोन पुढें आला. दौंडास जाऊन पुतण्यानें तो दादांच्या समोर पाटावर ठेवला आणि अर्धा तास यमन घेतला. सतार ऐकूं आली, परंतु तंबोरा नाहींसा! पहिले दोन क्षण त्याचा गुंजारव येई, आणि मग कोणीं हात धरून बाहेर नेल्यासारखा तो विरून जाई. चौकशीअंतीं कळलें तें असें: बोलणें स्पष्ट उमटावें म्हणून फोनमध्यें गोंगाट गाळण्याची योजना असते. जो आवाज न थांबतां एकसारखा चालतो तो पंख्याचा किंवा मोटारीचा असणार असें धरून यंत्र तो कापून टाकतें. तंबोऱ्याचा सारा मोठेपणा त्याच्या न थांबण्यांत. म्हणून यंत्राच्या लेखीं तो गोंगाट ठरला. वहिनी हंसल्या, आणि "चव्वेचाळीस वर्षें मागें बसलें, तें यंत्रालाहि कळलें म्हणायचें," इतकेंच बोलून चहा टाकावयास आंत गेल्या. वाक्य विनोदाचेंच होतें. आम्हांला मात्र तें परतीच्या वाटेवर न्हावरें येईपर्यंत टोंचत राहिलें.

तंबोऱ्यावर हा अन्याय आजचा नव्हे. १९०२ च्या नोव्हेंबरांत गायसबर्गसाहेबांनीं कलकत्त्यास गोहरजान प्रभृतींचीं गाणीं तबकड्यांवर घेतलीं, तेव्हां मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा असे, आणि त्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन मोठ्यानें गावें लागे. त्या काळच्या तबकड्यांत तंबोरा शोधणें म्हणजे पिठांत मीठ शोधणें. १९२५ पासून विजेचें ध्वनिमुद्रण सुरू झालें, तेव्हां कोठें मागें बसणारांची थोडी दाद लागूं लागली.

पुण्यास एखादें ध्वनिमुद्रणगृह दिवसभर भाड्यानें घ्यावें असा एक पक्ष घरांत निघाला. तो दादांनीं मोडून काढला. "चौफुल्यापर्यंत नेली तरी सतारीची जवारी बदलते, आणि तेथें कांचेआडून चार माणसें माझ्या हाताकडे पाहणार. वाजवीन तर माझ्या खोलींत." हाताचा उल्लेख झाल्यावर वाद संपला. कान दौंडास न्यावे लागणार हें ठरलें.

दुसरा प्रयोग उसनवारीवर झाला. पुतण्याच्या एका मित्राजवळ कीर्तनें मुद्रित करण्याचा मोठ्या पडद्याचा कंडेन्सर मायक्रोफोन होता. हा कंडेन्सर म्हणजे काय, तें आम्हीं या वयांत शाळकरी मुलासारखें पुतण्याकडून समजून घेतलें. एक धातूची चकती, आणि तिच्यापुढें केसाच्या जाडीहूनहि कमी अंतर सोडून ताणलेला, धातूचा मुलामा दिलेला अत्यंत पातळ पडदा. हवेची लहर आली कीं पडदा हालतो, अंतर कमीजास्त होतें, आणि त्या दोहोंमधील विद्युत्संचयांत पडणारा फरक तारेंतून पुढें जातो. अमेरिकेंत ई. सी. वेंट यांनीं १९१६ च्या सुमारास ही युक्ति सिद्ध केली. ती चालण्यास बाहेरून वीज पुरवावी लागते. हल्लीं ती ४८ व्होल्टांची असून ज्या तारेंतून ध्वनि येतो त्याच तारेंतून उलट पाठवितात, व तिला 'फँटम' म्हणजे भुताची वीज म्हणतात. हें नांव कानावर पडल्यापासून वहिनींनीं तें यंत्र देवघराला लागून असलेल्या खोलींत ठेवूं दिलेलें नाहीं.

त्या मोठ्या मायक्रोफोनमध्यें दादांची सतार अशी भरदार उमटली कीं दादा स्वतःच लाजले. तंबोराहि या खेपेस होता, पण गोधडी पांघरून बसल्यासारखा. जो दोरा वहिनी अर्धा अर्धा तास सरकवून घोडीवर जागेवर आणतात, त्याचें फळ तेवढें पुसून गेलें होतें.

तंबोऱ्याचें मर्म त्या दोऱ्यांतच आहे. घोडीची पाठ धारदार नसून रुंद व किंचित् उतरती असते. तार तिच्यावर टेकत टेकत निसटते, व दोरा ती निसटण्याची जागा नेमकी करतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली असेल तेथें ज्या उपस्वरांचें पर्व येतें ते उपस्वर नियमानें उमटूं नयेत. परंतु वीणेच्या व तंबोऱ्याच्या घोडीमुळें तेहि जोमानें उमटतात, असें त्यांनीं त्यांत दाखविलें. म्हणजे एका तारेंतून स्वरांची रांगोळी निघते. या रांगोळीचा बराचसा भाग फार वरच्या पट्टींत असतो, आणि मोठा पडदा व लहान पडदा यांचा झगडा नेमका तेथेंच आहे.

हिशोब सातवीच्या मुलालाहि जमेल असा आहे. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. सेकंदास १०,००० कंपनें असलेल्या उपस्वराची एक लहर म्हणून ३.४ सेंटिमीटर लांब. मोठ्या पडद्याचा व्यास अडीच सेंटिमीटर, म्हणजे १९९२ पासून निघालेल्या पोलादी रुपयाएवढा. समोरून येणारी लहर त्याला सर्वांगानें एकदम भेटते. पण बाजूनें येणारी लहर एका कडेला फुगलेली असतांना दुसऱ्या कडेला ओसरलेली असते, आणि पडदा एकसंध असल्यामुळें बेरजेच्या ठिकाणीं वजाबाकी होते. खालच्या स्वरांच्या लहरी पुरुषभर लांब; त्यांना ही अडचण पडत नाहीं. तेव्हां मोठा पडदा समोरच्याचें सगळें ऐकतो आणि बाजूच्याचें फक्त खालचें ऐकतो. लहान पडदा सदऱ्याच्या गुंडीएवढा, सव्वा-दीड सेंटिमीटरचा. त्याला बाजूची लहरहि बव्हंशीं अखंड भेटते. शिवाय तो हलका, म्हणून नखीचा आघात जसा तीक्ष्ण असेल तसाच टिपतो. गोल करून सांगत नाहीं.

आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि जुन्या संवयीनें मन तिकडे धांवतें. ध्वनि कानापर्यंत कसा येतो याविषयीं नैयायिकांचे दोन दृष्टांत प्रसिद्ध आहेत: पाण्यावरील लाटेप्रमाणें एकामागून एक, हा वीचितरंगन्याय, आणि कदंबाच्या कळीचे केसर जसे सर्व अंगांनीं एकदम फुटतात तसा दाही दिशांस, हा कदंबमुकुलन्याय. मुलांना हे दोन पर्याय म्हणून आम्ही पाठ करावयास लावीत होतों. तंबोरा ऐकतांना दोन्ही एकदमच खरे वाटतात. त्याचा नाद भोपळ्यांतून, तबलीवरून, घोडीवरून कदंबासारखा चोहींकडे फुटतो, भिंतींवर आपटून बाजूनें, मागून परत येतो. आणि हें सर्व ऐकणारा कान एकाच दिशेचा पक्षपाती असून चालत नाहीं.

म्हणून लहान पडद्याचे दोन मायक्रोफोन, एकाच जोडीचे, घ्यावयाचे ठरले. बर्लिनच्या नॉयमान कंपनीचा केएम १८४ या वर्गांत प्रसिद्ध आहे. त्याचा पूर्वज केएम ८४ हा १९६६ चा, आणि ४८ व्होल्टांची जी रीत वर सांगितली तिचा आरंभ त्याच्याशीं निगडित आहे. त्याची जोडी घ्यावयाची तर आमचें कित्येक महिन्यांचें निवृत्तिवेतन एका डबींत गेलें असतें. दादांना हें कळलें असतें तर त्यांनीं सतारच खुंटीला टांगली असती. आम्ही मधल्या किंमतीचा माल पाहूं लागलों.

येथें आमची फसगत झाली. एका दुकानांतून आणलेली जोडी 'जुळविलेली' म्हणून विकली गेली होती. शिरूरास आणून रात्रीं लावून पाहतों तों डावा मायक्रोफोन शांत, आणि उजव्यांत पावसाची सर चालूं असल्यासारखा सळसळाट. दुकानदारानें आधीं तारेला दोष दिला, मग आमच्या विजेला, शेवटीं आमच्या वयाच्या कानांना! पहिले दोन आक्षेप आम्ही सहन केले असते. अर्धे पैसे बुडाले, पण त्यामुळें पारख करण्याची एक रीत हातीं लागली, ती सांगतों.

दुसरी जोडी दुसऱ्या ठिकाणाहून आणली, ती परत घेण्याच्या बोलीवर. घोडनदीच्या कांठचें आमचें घर रात्रीं बारानंतर बरेंच शांत असतें. प्रथम दोन्ही मायक्रोफोन गाद्यांच्या ढिगांत ठेवून नुसती शांतता मुद्रित केली व ती मोठी करून ऐकली. लहान पडद्याचा हा दोषच आहे कीं त्याचा स्वतःचा सळसळाट मोठ्याहून अधिक असतो. उत्तम मोठ्या पडद्यांत तो ५ ते १० डेसिबेलांपर्यंत खालीं येतो, उलट केएम १८४ सारख्या चांगल्या लहानांतहि १३ आहे. ढोलकीला किंवा झांजेला याचें कांहीं नाहीं. सतारीच्या आलापींत मात्र दोन स्वरांमधील पोकळींत तो डोकें वर काढतो. आमच्या जोडींत तो १६ होता, आणि दोहोंत सारखा होता. नंतर सूनबाईनें कमरेचा किल्ल्यांचा जुडगा घेऊन मायक्रोफोनभोंवतीं प्रदक्षिणा घातली. किल्ल्यांच्या खणखणाटांत वरच्या पट्टीचे स्वर भरपूर असतात. समोर, तिरकें, बाजूला, प्रत्येक ठिकाणीं तो आवाज लहान झाला तर चालेल, पण त्याची जात बदलतां कामा नये. उसन्या मोठ्या मायक्रोफोनभोंवतीं तोच जुडगा बाजूला जातांच पितळेचा लांकूड झाला होता. या जोडींत तो शेवटपर्यंत किल्ल्यांचाच राहिला. जोडी ठेवून घेतली.

भरतानें वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केले, त्या सर्वांना हा एकच उपाय असें कोणीं समजूं नये. गाणाराच्या गळ्याला मोठा पडदा शोभतो, कारण तो थोडी खुशामत करतो. पखवाजाच्या धुमेपुढें साधा, बिनविजेचा डायनॅमिक चालतो. झांज, चिपळ्या, संतूर, सतार, तंबोरा यांना लहान पडदा. पेटीला तोच, पण हातभर दुरून, नाहींतर भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची टकटक पेटीहून मोठी होते.

आणखी एक निवड राहिली होती. सर्व दिशांनीं सारखें ऐकणारा पडदा घ्यावा कीं समोरचें अधिक व मागचें अगदीं थोडें ऐकणारा, ज्याच्या ग्रहणाची आकृति हृदयासारखी निघते तो घ्यावा? पहिल्याचा खर्ज अधिक खरा, व तो जवळ नेला तरी आवाज फुगत नाहीं. शिरूरास आम्हीं तोच पसंत केला असता. पण घर दौंडाचें! मनमाडचा फांटा १८७८ सालीं निघाल्यापासून त्या गांवाला शांतता ठाऊक नाहीं. म्हणून हृदयाकृति घेतली आणि तिची पाठ रुळांकडे केली. दादांनीं आपल्या नोकरीचा अनुभव पणाला लावून रात्रीं अडीच ते सव्वातीन ही वेळ नेमून दिली. "प्रवासी गाडी एकहि नाहीं. मालगाडीचें मी सांगत नाहीं, तिला वेळापत्रक नसतें," असेंहि बजावलें.

नवरात्राच्या आधींच्या शनिवारीं आम्ही सर्व दौंडास जमलों. पंखा बंद, शीतकपाट बंद, भिंतीवरचें घड्याळ काढून न्हाणीघरांत, खिडक्यांना रजया. फ्रान्सच्या रेडिओनें रूढ केलेली एक मांडणी पुतण्यानें निवडली होती: दोन्ही मायक्रोफोन एकमेकांपासून १७ सेंटिमीटरांवर, माणसाच्या दोन कानांत असतें साधारण तितक्या अंतरावर, आणि तोंडें ११० अंशांनीं फांकलेलीं. सतारीपासून हात-दीड हात. त्याहून जवळ गेलें कीं हृदयाकृति पडदा खर्ज फुगवितो. हें सर्व झालें आणि तो म्हणाला, "आई, तूं मागें नको बसूं. बाबांच्या शेजारीं ये. दोन्हीं वाद्यें समोर पाहिजेत."

वहिनी उठेनात. "मला त्यांची पाठ दिसली म्हणजे लय कळते," असें म्हणाल्या. पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं दादांकडे पाहिलें. दादा तारा पुसत होते. मान वर न करतां त्यांनीं आपली सतरंजी डावीकडे हातभर सरकविली, व उजवीकडे जागा केली. वहिनी येऊन बसल्या.

पहिली रात्र वाया गेली असें आम्हांला तेव्हां वाटलें. आलाप सुरेख झाला. परंतु जोड सुरू होतांच कांपरें बोट दगा देऊं लागलें. खोलींत बसून तें आम्हांला जाणवलें नव्हतें, पण त्या प्रामाणिक गुंडीएवढ्या पडद्यानें एकहि चूक पोटांत घातली नाहीं. जेथें नखीचा एक आघात हवा तेथें दोन पडले होते, एक खरा आणि एक त्याची सांवली. पुतण्या खालच्या आवाजांत आम्हांला म्हणाला, "काका, मित्राचा मोठा माईक पुन्हां आणूं का? त्यांत हें इतकें कळणार नाहीं. थोडें झांकलें जाईल." विचार मोहांत पाडणारा होता. घराण्याच्या कपाटांत पुढच्या पिढ्यांसाठीं जी वस्तु ठेवावयाची तींत कंप कशाला, असें आम्हांलाहि क्षणभर वाटलें.

दादांनीं तें ऐकलें होतें. कानावरचीं यंत्रें काढून ते पुष्कळ वेळ उगाच बसले. मग म्हणाले, "झांकावयाचें असतें तर फोन काय वाईट होता? त्यानें हिला झांकलें होतें, हा मला झांकील. जोड आतां माझ्याच्यानें होत नाहीं, तो घेऊं नका. आलाप होतो. जेवढा हात राहिला आहे तेवढा घ्या." पुढील तीन शनिवार त्यांनीं केवळ आलाप वाजविला: यमन, बागेश्री, आणि एका रात्रीं, आम्हीं त्यांच्याकडून कधींच न ऐकलेला, सव्वातीनपर्यंत चाललेला ललत. कांपरें त्यांतहि आहे. मींडेंत तें कळत नाहीं. एकटा स्वर सोडून देतात तेथें कळतें.

शेवटच्या शनिवारीं आवराआवर चालली असतां वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यंत्र बंद करण्यापूर्वीं माझा तंबोरा एकटाच घेतां का? सतारीवांचून. मला तो कधीं समोरून ऐकतांच आला नाहीं. वाजवीत असतां तो मांडीवर असतो." पुतण्यानें मायक्रोफोन थोडे जवळ घेतले. वहिनींनीं दोरा सरकविला, पुन्हां सरकविला, आणि सुमारें चाळीस मिनिटें छेडीत राहिल्या. दादा शेजारीं भिंतीला टेकून, हात मांडीवर घट्ट धरून ऐकत होते.

त्यांत अठ्ठाविसाव्या मिनिटाला भीमेच्या पुलावरून एक मालगाडी गेलेली आहे. पाठ केलेल्या मायक्रोफोननेंहि ती टिपली. पुतण्या म्हणाला कीं हल्लीं असला आवाज संगणकावर गाळून टाकतां येतो. "गाळतांना तंबोऱ्याला धक्का लागेल का?" वहिनींनीं विचारलें. "किंचित् लागेल." "मग गाडी राहूं दे," असें त्या म्हणाल्या.

मायक्रोफोन दौंडासच आहेत. दमट हवेनें असले पडदे खरखरूं लागतात, म्हणून ते सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेविले आहेत. आणि तो डबा वहिनींनीं तंबोऱ्याच्या गवसणीला टेकवून ठेवला आहे.